आगाऊ वर्गणीचे ऋण : सीमाभागातील क्रीडा-नियतकालिकाचे अर्थकारण

वर्गणीवर चालणाऱ्या क्रीडा-नियतकालिकाचे आर्थिक जीवन समजून घेताना एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते, ती अशी की वाचकाकडून आलेले पैसे आणि नियतकालिकाने कमावलेले पैसे या दोन वेगळ्या रकमा असतात. वर्गणीवर चालणारा उपक्रम म्हणजे ज्याचा मुख्य आधार जाहिरात किंवा सुट्ट्या अंकांची विक्री नसून, वाचकाने महिन्यासाठी, वर्षासाठी किंवा त्याहून दीर्घ काळासाठी आगाऊ भरलेली रक्कम असते असा उपक्रम. ही रक्कम हातात पडते तेव्हा ती उत्पन्नासारखी दिसते. हिशेबाच्या दृष्टीने मात्र ती देणे असते, कारण तिच्या बदल्यात द्यावयाचे वृत्तान्त अजून लिहिलेले नसतात आणि ज्या सामन्यांविषयी ते लिहायचे ते सामनेही अजून खेळले गेलेले नसतात. लेखापाल अशा रकमेला अनर्जित उत्पन्न म्हणतात, म्हणजे हातात आलेले पण अजून न कमावलेले पैसे. या व्यवसायात काही काळ काढलेल्या कोणत्याही संपादकाला हा भेद पुस्तकातून शिकावा लागत नाही. वर्षाच्या उत्तरार्धात छपाईचे बिल समोर येते आणि वर्गणीचे पैसे संपलेले असतात, तेव्हा तो त्याला पुरता कळतो.

कर्नाटकातील बिदर जिल्ह्याच्या बसवकल्याण तालुक्यात, सोलापूर–हैदराबाद राष्ट्रीय महामार्गावर असलेल्या राजेश्वर या गावातून पाहिले असता हा प्रश्न अधिक स्पष्ट दिसतो. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हैदराबाद संस्थानाच्या प्रदेशाचे तीन भाग झाले. मराठवाडा तेव्हाच्या मुंबई राज्यात, तेलंगण आंध्र प्रदेशात आणि बिदर-गुलबर्ग्याकडचा भाग म्हैसूर राज्यात गेला. या भागातील भालकी, बसवकल्याण, औराद, हुमनाबाद अशा तालुक्यांत मराठी बोलणारी व वाचणारी मोठी वस्ती राहिली, परंतु तिची मुले ज्या मैदानांवर खेळतात त्या मैदानांची व्यवस्था कर्नाटकाच्या हाती आली. येथील शालेय खेळाडू कर्नाटकाच्या शिक्षण खात्याच्या स्पर्धांतून पुढे जातो, क्रिकेटपटू कर्नाटक राज्य क्रिकेट संघटनेच्या रायचूर विभागातून वर चढू पाहतो, आणि १९६१ पासून चालत आलेल्या 'महाराष्ट्र केसरी'चे वर्णन मराठीत आवडीने वाचणाऱ्या येथील मल्लाला तो किताब मात्र खुला नसतो. परिणामी लातूर वा सोलापुरातून निघणाऱ्या मराठी आवृत्तीच्या दृष्टीने तो परराज्याचा खेळाडू ठरतो, आणि कन्नड वृत्तपत्रात त्याची बातमी आली तरी ती त्याच्या घरातील आजी-आजोबांना वाचता येत नाही. मराठी क्रीडा-नियतकालिकाला येथे वाचक आहे आणि सांगण्यासारखा मजकूरही आहे; प्रश्न उरतो तो केवळ त्या मजकुराचा खर्च कोणी व कसा भागवावा याचा.

हा खर्च वाचकाला दिसत नाही, म्हणून त्याची फोड करून सांगणे आवश्यक आहे. तालुक्याच्या ठिकाणी होणाऱ्या कबड्डी स्पर्धेचा चार परिच्छेदांचा वृत्तान्त लिहिण्यासाठी वार्ताहराला संपूर्ण दिवस मैदानावर थांबावे लागते, उपान्त्य सामना लांबला तर मुक्काम करावा लागतो, दोन्ही संघांच्या खेळाडूंची नावे आयोजकांच्या कन्नड यादीतून मराठीत अचूक उतरवून घ्यावी लागतात, आणि छायाचित्रकार वेगळा असेल तर त्याचे मानधनही द्यावे लागते. राज्य स्पर्धा बंगळूरुला असेल तर जवळपास सातशे किलोमीटरचा प्रवास होतो, आणि तेथे येथील एकच खेळाडू उतरणार असला तरी प्रवासखर्च कमी होत नाही. याउलट मुंबईत किंवा लंडनमध्ये झालेल्या क्रिकेट सामन्याचा वृत्तान्त वृत्तसंस्थेकडून अत्यल्प खर्चात मिळतो, किंबहुना दूरचित्रवाणीवर पाहूनही लिहिता येतो. म्हणजे जो मजकूर सर्वत्र फुकट मिळतो तो निर्माण करणे स्वस्त असते, आणि जो अन्यत्र कोठेही मिळत नाही, ज्यासाठी वाचकाने पैसे द्यावेत, तोच सर्वांत महाग पडतो. क्रीडा-पत्रकारितेच्या अर्थकारणातील बहुतेक पेच या एका विषमतेतून निघतात.

मराठीत खेळाला स्वतंत्र पान आणि स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय प्रामुख्याने वि. वि. करमरकर यांच्याकडे जाते. १९६२ मध्ये सुरू झालेल्या 'महाराष्ट्र टाइम्स'मध्ये त्यांनी क्रीडापानाला नियमित स्थान दिले आणि क्रिकेटबरोबरच कबड्डी, खो-खो, कुस्ती यांसारख्या खेळांकडेही गांभीर्याने पाहण्याची सवय वाचकांना लावली. परंतु दैनिकातील क्रीडापान स्वतःच्या पायावर उभे नसते. त्याचा खर्च उरलेल्या पानांवरील जाहिरातींतून आणि एकूण खपातून भागतो. स्वतंत्र क्रीडा-नियतकालिकाला तशी सोय नसते. १९८३ च्या विश्वविजयानंतर मुंबईत सुरू झालेले 'एकच षटकार' हे पाक्षिक, ज्याच्याशी संपादक म्हणून संदीप पाटील आणि कार्यकारी संपादक म्हणून द्वारकानाथ संझगिरी यांची नावे जोडलेली आहेत, हे खेळाच्या लाटेवर मराठी वाचक किती मोठ्या संख्येने येऊ शकतो याचे ठळक उदाहरण होय. त्या काळात सामन्यानंतर काही दिवसांनी येणारे रंगीत छायाचित्र आणि मैदानावर उपस्थित असलेल्या लेखकाचे सविस्तर वर्णन या दोन्ही गोष्टी दुर्मीळ होत्या. १९९० च्या दशकात उपग्रह वाहिन्या घरोघरी पोहोचल्यावर पहिली गोष्ट दुर्मीळ राहिली नाही, आणि नंतर आंतरजालाने दुसरीचेही मोल कमी केले. १९९३ मध्ये सुरू झालेल्या 'क्रिकइन्फो'ने धावफलक जगभर विनामूल्य उपलब्ध करून दिला, तेव्हा आकडेवारीसाठी अंक विकत घेण्याचे कारणही उरले नाही.

छापील अंकाचे अर्थकारण आजही अनेक छोट्या मराठी नियतकालिकांच्या अनुभवाचा भाग असल्यामुळे त्याचा विचार टाळता येत नाही. विक्रेत्यामार्फत अंक विकल्यास छापील किमतीचा मोठा हिस्सा वितरक आणि विक्रेता यांच्या कमिशनमध्ये जातो, आणि न खपलेले अंक परत येतात. या परतीच्या अंकांची छपाई, कागद आणि जाण्या-येण्याचे भाडे असा सर्व भार प्रकाशकावर पडतो. खेळाच्या अंकाच्या बाबतीत ही हानी पूर्ण असते, कारण मागील पंधरवड्यातील सामन्यांचा अंक पुढे रद्दीच्या भावानेच जातो. वर्गणीदाराला टपालाने अंक पाठविल्यास कमिशन वाचते, आणि नोंदणीकृत नियतकालिकांना टपाल खात्याचा सवलतीचा दर मिळत असल्यामुळे हलका अंक काही पैशांच्या तिकिटात देशभर पोहोचतो. मात्र या सवलतीसाठी नियतकालिकाची सरकारदरबारी नोंदणी असावी लागते आणि ठरलेल्या तारखांना, ठरलेल्या टपाल कार्यालयातून अंक पडावे लागतात. अंतिम सामना रविवारी रात्री असेल आणि टपालाची तारीख शनिवारी असेल, तर संपादकाला एक तर निकालाविना अंक काढावा लागतो किंवा सवलत सोडावी लागते. सीमाभागात अंक पोहोचण्यास लागणारे दिवस त्यात मिळविले, तर वाचकाच्या हाती पडणारा मजकूर निकाल सांगण्यासाठी उपयोगाचा राहत नाही. त्याने निकालाच्या पलीकडचे काही सांगितले तरच तो वाचला जातो.

छापील काळाने मराठी नियतकालिकांना दिलेली आणखी एक प्रथा म्हणजे आजीव वर्गणी. एकदाच मोठी रक्कम घेऊन वाचकाला कायमचा वर्गणीदार करून घेण्याची ही पद्धत प्रारंभीचे भांडवल उभे करण्यासाठी अत्यंत सोयीची वाटते, कारण बँक कर्ज देत नाही, गुंतवणूकदार तालुक्याच्या गावात येत नाही, आणि परिचितांचे स्नेहबळ मात्र उपलब्ध असते. परंतु ती रक्कम पहिल्या दोन-तीन वर्षांत संगणक, जागेची अनामत आणि पगार यांत संपते, आणि त्यानंतरचा प्रत्येक अंक त्या वाचकाला उत्पन्नाविना पाठवावा लागतो, तोही कागद आणि छपाईचे दर वाढत असताना. आजीव वर्गणीची रक्कम मुदत ठेवीत ठेवून केवळ तिच्या व्याजातून त्या वाचकाच्या अंकाचा खर्च भागत असेल तरच ही पद्धत शहाणपणाची ठरते. अन्यथा नियतकालिकाचे सर्वांत निष्ठावान वाचकच त्याचा सर्वांत मोठा न फिटणारा भार बनतात, आणि ही गोष्ट त्या वाचकांना सांगण्याचे धैर्य कोणत्याही संपादकाला सहसा होत नाही.

डिजिटल माध्यमाने कागद, छपाई, टपाल आणि परतीचे अंक हे चारही खर्च एका फटक्यात दूर केले, आणि म्हणूनच गेल्या दशकात अनेकांना भ्रमणध्वनीवरील सशुल्क क्रीडा-नियतकालिक हा सुलभ मार्ग वाटला. प्रत्यक्षात त्या खर्चांची जागा नव्या खर्चांनी घेतली. छापील वृत्तपत्रे व नियतकालिके यांच्यावर वस्तू व सेवा कर आकारला जात नाही, परंतु डिजिटल वर्गणी ही सेवा मानली जाऊन तिच्यावर १८ टक्के कर लागतो. वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेपर्यंत सेवा पुरविणाऱ्या छोट्या उपक्रमाला सामान्यतः या कराची नोंदणी करावी लागत नाही, मात्र ती मर्यादा ओलांडताच वाचकाकडून घेतल्या जाणाऱ्या ५९० रुपयांपैकी ९० रुपये सरकारचे होतात, आणि सेवेसाठी आगाऊ घेतलेल्या रकमेवरचा कर वर्षभर थांबून नव्हे तर ती रक्कम हाती येताच देय होतो. उपयोजनाच्या दुकानातून, म्हणजे गूगल किंवा ॲपलच्या विक्रीमंचावरून वर्गणी घेतल्यास त्या कंपन्यांचे कमिशन वेगळे द्यावे लागते, आणि पैसे स्वीकारणारी मध्यस्थ व्यवस्था प्रत्येक व्यवहारामागे आपला आकार कापते. महिन्याला तीस-चाळीस रुपयांच्या वर्गणीत अशा कपातीनंतर जे हाती राहते त्यातून वार्ताहराचे एका फेरीचे बसभाडेही निघत नाही.

त्यातच भारतात आपोआप होणाऱ्या नूतनीकरणाचे नियम पाश्चात्त्य देशांहून वेगळे आहेत. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार ग्राहकाच्या कार्डातून ठरावीक काळाने रक्कम वळती करण्यापूर्वी त्याची एकदा स्पष्ट संमती घ्यावी लागते आणि प्रत्येक वजावटीच्या किमान चोवीस तास आधी त्याला सूचना द्यावी लागते. ग्राहकाच्या हिताच्या दृष्टीने हा नियम योग्यच आहे, कारण विसरून गेलेल्या वर्गणीचे पैसे वर्षानुवर्षे कापून घेणे ही प्रामाणिक मिळकत नव्हे. परंतु त्याचा परिणाम असा होतो की विस्मरणावर उभे राहिलेले परदेशी वर्गणीचे गणित येथे लागू पडत नाही. येथील वाचकासमोर दर वेळी तो संदेश येतो आणि दर वेळी तो नव्याने ठरवितो की हे नियतकालिक आपल्याला हवे आहे की नाही. म्हणून येथे वर्गणी टिकते ती मागील महिन्यात काय वाचायला मिळाले यावर.

आगाऊ रकमेचे ऋण प्रत्यक्षात कसे काम करते हे एका काल्पनिक पण व्यवहाराला धरून असलेल्या हिशेबाने दाखविता येईल. समजा, एखाद्या उपक्रमाची वार्षिक वर्गणी ६०० रुपये आहे आणि त्याचे १,००० वर्गणीदार आहेत. म्हणजे वर्षाचे ६,००,००० रुपये आणि महिन्याला सरासरी ५०,००० रुपये. क्रीडा-नियतकालिकाकडे वाचक सारख्या वेगाने येत नाहीत. त्यांतील ६०० जण मार्च ते मे या आयपीएलच्या काळात आले असे धरले, तर त्या तीन महिन्यांत ३,६०,००० रुपये जमा होतात. हे ६०० वाचक तीन महिन्यांत समान गतीने आले असतील, तर मेअखेर त्यांच्या वर्गणीचा सरासरी दीड महिना उलटलेला असतो आणि ३,६०,००० पैकी केवळ ४५,००० रुपये खऱ्या अर्थाने कमावलेले असतात. उरलेले ३,१५,००० रुपये पुढील मार्च-मेपर्यंत द्यावयाच्या अंकांचे असतात. नेमक्या याच वेळी खात्यातील शिल्लक सर्वांत मोठी दिसते, दोन नवे वार्ताहर नेमण्याचा विचार होतो, चांगला कॅमेरा घेतला जातो, आणि खर्चाची पातळी त्या तीन महिन्यांच्या ओघाप्रमाणे ठरते. ऑक्टोबरपर्यंत पैसा संपतो, पण देणे बाकी राहते. यातील कोणताही खर्च उधळपट्टीचा नसतो. दुसऱ्याचे पैसे आपले समजून केलेला इतकाच त्याचा दोष असतो.

सीमाभागात या अडचणीला आणखी एक परिमाण लाभते, कारण येथे खेळाचे वेळापत्रक आणि पैशाचे वेळापत्रक एकमेकांशी जुळत नाहीत. शालेय व महाविद्यालयीन स्पर्धा पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत होतात. जत्रांतील कुस्त्यांचे फड सुगीनंतर भरतात. आयपीएल उन्हाळ्यात येते. दुसरीकडे या भागातील शेतकरी कुटुंबाच्या हाती पैसा येतो तो सोयाबीन विकल्यावर, म्हणजे दिवाळीच्या आसपास, आणि तुरीची रास झाल्यावर, म्हणजे संक्रांतीच्या पुढेमागे. जून-जुलैत बी-बियाणे आणि मुलांची शाळा यांचा खर्च डोक्यावर असताना वर्गणीच्या नूतनीकरणाचा संदेश आला, तर तो नाकारला जाणे स्वाभाविक आहे, आणि त्याचा अर्थ वाचकाला नियतकालिक नकोसे झाले असा घेणे हे चुकीचे निदान ठरते. ज्या संपादकांनी वर्गणीची मुदत वाचकाच्या सोयीनुसार दिवाळी ते दिवाळी किंवा संक्रांत ते संक्रांत अशी लावून दिली, त्यांना वसुली सुलभ झाल्याचे दिसते. त्यांना हेही उमगते की जून ते सप्टेंबर या काळासाठी खेळते भांडवल, म्हणजे दैनंदिन खर्च भागविण्यासाठी हाताशी ठेवलेली रक्कम, वर्षाच्या आरंभीच बाजूला काढून ठेवावी लागते.

नूतनीकरणाची बाजू ही या सर्व गणिताची कसोटी आहे. वर्ष संपल्यावर वर्गणी पुढे न चालविणाऱ्यांच्या प्रमाणाला व्यवसायात गळती म्हणतात. वरील उदाहरणात गळती ४० टक्के असेल, तर केवळ जागच्या जागी राहण्यासाठी दर वर्षी ४०० नवे वाचक मिळवावे लागतात, आणि एक नवा वाचक मिळविण्याचा खर्च, ज्यात समाजमाध्यमावरील जाहिरात, सवलत आणि गावोगावच्या फेऱ्या येतात, २०० रुपये धरला तर ८०,००० रुपये पुढे न जाता खर्च होतात. सवलतीने आलेला वाचक पूर्ण दराच्या वेळी निघून जाण्याची शक्यता अधिक असते. वाचक मोठ्या संख्येने मिळाले तरी नफा लगेच येत नाही, हे अमेरिकेतील 'द ॲथलेटिक' या मोठ्या वर्गणीआधारित क्रीडा-प्रकाशनाच्या अनुभवातून दिसते. ॲलेक्स मेथर आणि ॲडम हॅन्समन यांनी २०१६ मध्ये शिकागो शहरापासून ते सुरू केले, एकेका शहराच्या संघाचे सखोल वार्तांकन करण्यासाठी तेथील अनुभवी वार्ताहर नेमले, आणि गुंतवणूकदारांच्या भांडवलावर देशभर विस्तार केला. जानेवारी २०२२ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स' कंपनीने ते ५५ कोटी डॉलरना विकत घेण्याचे जाहीर केले तेव्हा त्याचे सुमारे १२ लाख वर्गणीदार होते, आणि तरीही ते तोट्यात होते. त्याची पहिली नफ्याची तिमाही २०२४ मध्ये आली, तीही मोठ्या कंपनीच्या एकत्रित वर्गणीचा आणि जाहिरातींचा आधार मिळाल्यावर. बारा लाख वाचकांना आठ वर्षे जे साधले नाही, ते एक हजार वाचकांच्या बळावर दोन वर्षांत साधेल असे गृहीत धरून कोणी या व्यवसायात उतरू नये.

त्याआधीच्या पिढीतील 'द नॅशनल' या अमेरिकी क्रीडा-दैनिकाचा अनुभव वेगळ्या दिशेने तेच सांगतो. मेक्सिकोतील उद्योगपती एमिलिओ अस्कारागा यांचे भांडवल आणि फ्रँक डिफोर्ड यांच्यासारखा नामवंत संपादक असूनही ३१ जानेवारी १९९० रोजी निघालेले हे दैनिक १३ जून १९९१ रोजी बंद पडले, आणि त्यात सुमारे १५ कोटी डॉलर बुडाल्याचे सांगितले जाते. रात्री उशिरा संपणाऱ्या सामन्यांचे निकाल सकाळच्या अंकात पोहोचविणारी वितरणव्यवस्था त्याला उभारता आली नाही. याउलट 'डिफेक्टर' हे आपली जुनी नोकरी एकत्रितपणे सोडलेल्या पत्रकारांनी २०२० मध्ये स्वतःच्या मालकीने सुरू केलेले संकेतस्थळ पहिल्या वर्षी सुमारे ३२ लाख डॉलर मिळवू शकले, आणि त्यातील बहुतांश रक्कम वर्गणीची होती. त्यांनी विस्तारासाठी मोठे भांडवल घेतले नाही, माणसांची संख्या वाचकांच्या संख्येच्या मागे ठेवली, आणि जमलेल्या पैशातून प्रथम लिहिणाऱ्यांचे पगार दिले. राजेश्वरच्या प्रमाणावर आणून पाहिल्यास यातून अनुकरणीय ठरते ती ही मर्यादेची शिस्त; आकड्यांची तुलना येथे गैरलागू आहे.

खेळच थांबला तर काय, हा प्रश्न २०२० पर्यंत कोणाच्याही अंदाजपत्रकात नव्हता. त्या वर्षी कोरोनाच्या साथीमुळे २९ मार्चला सुरू व्हावयाची आयपीएल १९ सप्टेंबरला संयुक्त अरब अमिरातीत सुरू झाली, टोकियो ऑलिंपिक एक वर्ष पुढे गेले, आणि गावोगावचे फड व शालेय स्पर्धा पूर्णतः बंद राहिल्या. वर्गणी घेतलेली, पण लिहिण्यास सामने नाहीत, अशी स्थिती सर्व क्रीडा-प्रकाशनांवर ओढवली. ज्यांनी त्या काळात जुन्या खेळाडूंच्या मुलाखती, तालमींचा इतिहास, प्रशिक्षकांचे अनुभव असा मजकूर दिला, त्यांना वाचकांनी धरून ठेवले. कारण अशा मजकुराचे मोल सामन्याच्या तारखेवर अवलंबून नसते. आपत्तीच्या काळात कामी येणारा हा साठा आधीच जमवून ठेवावा लागतो, आणि तो जमविणे हीदेखील एक गुंतवणूकच होय, जरी ताळेबंदात तिला रकाना नसला तरी.

वर्गणी अपुरी पडते तेव्हा जाहिरातीकडे वळणे स्वाभाविक असते, आणि तेथेही खेळाचे क्षेत्र विशेष जोखमीचे आहे. गेल्या काही वर्षांत भारतीय क्रीडा-संकेतस्थळांचा मोठा आधार पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या काल्पनिक संघांच्या खेळांच्या, म्हणजे ज्यांना फँटसी गेमिंग म्हणतात त्यांच्या, जाहिराती हा होता. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या कायद्याने अशा पैशाच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी आली, 'ड्रीम इलेव्हन'सारखी कंपनी भारतीय क्रिकेट संघाच्या प्रायोजकत्वातून बाहेर पडली, आणि एका उद्योगावर विसंबून राहिलेल्या प्रकाशनांचे उत्पन्न अकस्मात आटले. गावपातळीवरील याचे रूप म्हणजे घाऊक वर्गणी. निवडणुकीच्या वर्षात एखादा स्थानिक पुढारी तालुक्यातील व्यायामशाळांसाठी दोनशे वर्गण्या एकदम भरतो; आकडा वाढतो, हुरूप येतो, परंतु पुढील वर्षी त्या वर्गण्या नाहीशा होतात, आणि दरम्यानच्या काळात त्याच पुढाऱ्याने भरविलेल्या स्पर्धेतील पंचांच्या वादग्रस्त निर्णयाविषयी लिहिताना संपादकाचा हात जड होतो. अशी वर्गणी व्यवहारात जाहिरातच असते, आणि ती वाचकसंख्येत न धरता स्वतंत्र दाखविणे हे हिशेबाच्या व पत्रकारितेच्या दोन्ही दृष्टींनी आवश्यक ठरते.

मग वाचक पैसे कशासाठी देतो, याचे उत्तर प्रत्येक संपादकाला शोधावेच लागते. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांसाठी आयपीएलचे माध्यम-हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले, आणि इतक्या मोलाचे हे सामने २०२३ मध्ये 'जिओसिनेमा'वर सर्वांना विनामूल्य पाहता आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'जिओहॉटस्टार' सुरू झाले तेव्हा त्याची भ्रमणध्वनीवरील योजना तीन महिन्यांना १४९ रुपयांची होती. ज्या वाचकाला प्रत्यक्ष खेळ या दरात मिळतो, तो त्याच खेळाच्या वर्णनासाठी अधिक पैसे देईल ही अपेक्षा व्यर्थ आहे. परंतु बसवकल्याणच्या मुलींच्या खो-खो संघाने विभागीय स्पर्धा कशी जिंकली, कोणत्या तालमीत आता मॅटवर सराव सुरू झाला, मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला क्रीडा वसतिगृहाच्या निवडचाचणीचा अर्ज कोठे व कधी करावा लागतो, ही माहिती कोणतीही वाहिनी देत नाही. ती हवी असणारे लोक संख्येने थोडे आहेत, पण त्यांची गरज खरी आहे: खेळाडूंचे आईवडील, क्रीडाशिक्षक, तालमीचे वस्ताद, नोकरीसाठी पुणे-मुंबई-हैदराबादेत गेलेले गावकरी. या वर्गाची गळती कमी असते, कारण त्यांच्यासाठी नियतकालिकाला पर्याय नाही. आयपीएलच्या लाटेवर आलेले सहाशे वाचक आणि हे थोडे वाचक यांत कोणाच्या बळावर अंदाजपत्रक मांडावे, याचा निर्णय या व्यवसायाचे भवितव्य ठरवितो.

या निर्णयाचा सर्वांत नाजूक भाग माणसांच्या मोबदल्याशी संबंधित आहे. पैसा कमी पडला की छापखान्याचे बिल थांबत नाही, संकेतस्थळाचे भाडे थांबत नाही. थांबते ते तालुक्याच्या वार्ताहराचे मानधन, कारण तो आपला माणूस असतो, खेळावर त्याचे प्रेम असते आणि तो मागणार नाही याची खात्री असते. अशा रीतीने कित्येक नियतकालिकांची तूट प्रत्यक्षात त्यांच्या सर्वांत दूरच्या, सर्वांत कमी मिळकतीच्या वार्ताहराने सोसलेली असते, आणि ती कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. क्रीडा-पत्रकारितेविषयी ज्याला खरी आस्था आहे त्याने ही प्रथा मोडली पाहिजे. दहा तालुक्यांत मानधनाविना दहा वार्ताहर असण्यापेक्षा तीन तालुक्यांत वेळेवर मोबदला मिळणारे तीन वार्ताहर असणे, आणि उरलेल्या भागाचे वार्तांकन आपल्याकडून होत नाही हे वाचकाला उघडपणे सांगणे, हा अधिक प्रामाणिक आणि अंती अधिक टिकाऊ मार्ग आहे.

या सर्व अनुभवांतून काही व्यवहारनियम निष्पन्न होतात. वर्गणीची रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवून दर महिन्याला तिचा बारावा हिस्साच खर्चासाठी घ्यावा. कायम खर्चाची पातळी नव्या वाचकांवर नव्हे तर दुसऱ्यांदा वर्गणी भरणाऱ्या वाचकांच्या संख्येवर ठरवावी. एका हंगामापुरत्या लागणाऱ्या कामासाठी हंगामापुरतीच माणसे व साधने घ्यावीत. आणि जेथे शक्य असेल तेथे मालकीचे स्वरूप विश्वस्त संस्थेचे किंवा सहकारी ठेवावे, जसे साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू केलेले 'साधना' हे साप्ताहिक एका विश्वस्त संस्थेच्या आधारे आजवर चालत आले आहे. या नियमांनी वाढीचा वेग मंदावतो, हे खरे. पण ज्या भागातील खेळाडूंची नोंद दोन्ही राज्यांच्या पानांवर अपुरी राहते, तेथे पाच वर्षे सलग निघालेले छोटे नियतकालिक हे एका वर्षात गाजून बंद पडलेल्या मोठ्या नियतकालिकापेक्षा अधिक उपयोगाचे असते, कारण खेळाडूची वाटचाल शालेय मैदानापासून राज्य संघापर्यंत व्हायला तितकीच वर्षे लागतात.

आणि तरीही उपक्रम बंद करण्याची वेळ आली, तर ज्या वाचकांचे अंक द्यावयाचे राहिले त्यांची उरलेली रक्कम मोजून परत करणे हे या व्यवसायातील शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे आर्थिक कर्तव्य होय. सीमाभागातील वाचकाने एकदा वर्गणी भरून फसवणूक अनुभवली, तर त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक मराठी नियतकालिकाला त्याचे मोल द्यावे लागते; उलट शेवटचा पैसा हिशेबाने परत मिळाला, तर तोच वाचक पुढच्या प्रयत्नाला पुन्हा आगाऊ रक्कम द्यायला तयार होतो. म्हणून परतफेडीची ही रक्कम पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवण्याची तयारी नसेल, तर वर्गणी घेण्यास आरंभच करू नये.